सूरजागडच्या रस्त्यावरचा ऑर्गन

संपादकांना गडचिरोलीतल्या सूरजागडच्या खाणीवरचा लेख हवा होता. आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणारा रस्ता, लोहखनिज भरून धावणारे ट्रक, खड्डे, दोन्ही बाजूंच्या सागाच्या पानांवर चढलेली तांबडी माती, हे पाहायचं आणि चार माणसांशी बोलून परतायचं, असं ठरलं होतं. ते मी केलंही. पण त्याच रस्त्यालगतच्या एका गावात झाडीपट्टीचं नाटक लागलं होतं आणि रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेत एक पेटीमास्तर पायानं भाता मारत ऑर्गन वाजवत होते. खाणीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ऑर्गनवर लिहिणारं कोणी दिसेना.

झाडीपट्टी रंगभूमीची ओळख विदर्भाबाहेरच्या वाचकाला थोडी करून द्यायला हवी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात आणि होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, ही जुनी जोडी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं पट बंद पडले तेव्हा नाटकांचे मुहूर्तही हलले. २०२१च्या डिसेंबरात न्यायालयानं परवानगी दिल्यावर ती जोडी पुन्हा जमली. नाटक कंपन्यांचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. रात्री उशिरा घंटा होते आणि पडदा पडतो तो पहाटे. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी वडसा नकाशावर शोधलं. सूरजागडच्या पायथ्याची गावं माडिया आदिवासींची. नाटकाचा खरा मुलूख उत्तरेला, वडसा-आरमोरी-ब्रह्मपुरीकडे. इकडे नाटक येतं ते पाहुणं म्हणून.

नाटकाच्या जाहिरातीत नटनट्यांच्या खाली वादकांची नावं असतात: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. त्यातला ऑर्गन आता बहुतेक ठिकाणी लोखंडी स्टँडवरचा कीबोर्ड असतो. या कंपनीत मात्र खराखुरा पायाचा ऑर्गन होता, आणि त्यावरून मालक आणि मास्तर यांच्यात वाद चालू होता. मालकांना नवा, महागातला कीबोर्ड घ्यायचा होता. हंगाम संपेपर्यंत निकाल लावायचा होता.

वाद ऐकायला सोपा वाटतो. जगभर तो वेगवेगळ्या वाद्यांवरून चालतो, सर्वांत मोठ्या आवाजात इलेक्ट्रिक गिटारवरून. गिब्सन कंपनीनं १९५८ ते १९६० या काळात काढलेल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल गिटारी त्या वेळी फारशा खपल्या नाहीत. आज त्या कोट्यवधी रुपयांना जातात. गिटारवादक डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार २०१९च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. फेंडर कंपनीनं तर १९९५पासून नवी कोरी गिटार मुद्दाम खरवडून, रंग उडवून, जुनी दिसेल अशी करून जास्त पैशांना विकायला सुरुवात केली. जुन्यात काही खास असतं का, हे तपासायला संशोधक क्लोदिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी व्हायोलिनवर प्रयोग केले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नावाजलेल्या दहा वादकांना अंधूक उजेडात, काळे चष्मे लावून सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत स्त्रादिवारीनं बनवलेली व्हायोलिनंही होती. सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, आणि हातातलं वाद्य जुनं की नवं हे ओळखताना वादकांचे अंदाज अंधारात मारलेल्या दगडासारखेच ठरले.

हे मी मास्तरांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "जुना हाये म्हनून मी याले धरून नाई बसलो, सायेब. याले वीज लागत नाई, पाय लागतेत."

या दोन वाक्यांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात आणून बसवलं. मास्तरांनी ऑर्गनची मागची फळी काढून ठेवली होती.

आत पाहिल्यावर कळतं की ही दिसायला पेटीची बहीण असली तरी हिचा श्वास उलटा आहे. आपल्या हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो आणि ती पितळी जिभेवरून जाते. हार्मोनियमची मूळ कल्पना पॅरिसची, देबें या कारागिरानं १८४२मध्ये पेटंट घेतलेली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमारास तिला मांडी घालून वाजवता येईल अशी केली. अमेरिकेतल्या कारागिरांनी मात्र ऑर्गनमध्ये भाता उलटा चालवला: पाय मारले की आतली हवा ओढली जाते, पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा पितळी जिभांमधून आत शिरते. त्यामुळे सूर मऊ आणि गोलसर येतो. व्हर्माँटमधल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टे कंपनीनं असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले आणि १९६०मध्ये कारखाना बंद केला. चर्चसाठी निघालेलं हे वाद्य मराठी रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्वांच्या गाण्यामागे उभं राहिलं. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, असा थाट होता. पुढे गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनी ही परंपरा शहरात जिवंत ठेवली. शहरांत संगीत नाटकं कमी झाली. झाडीपट्टीत गाणं नसलेलं नाटक प्रेक्षक अजूनही अर्धवट समजतात.

मास्तरांच्या ऑर्गनवरची कंपनीची पाटी कधीच गेली आहे. वरचं लाकूड अक्रोडाचं असावं. खालची एक बाजू वाळवीनं खाल्ली, तिथे आलापल्लीचा साग बसवला आहे. सुतारकाम त्यांचंच, आणि जरा ओबडधोबड.

त्या दुपारी मंद्र सप्तकातला एक सूर मुका झाला होता. मास्तरांनी टोकाला आकडा असलेली पितळी पट्टी घेतली, रांगेतल्या एका फटीत घातली आणि रीड सर्रकन बाहेर ओढली. बोटाएवढी पितळी चौकट, तिच्यावर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पातळ जीभ. चौकटीवर सुराचं अक्षर ठोकलेलं. जीभ आणि चौकट यांच्यामध्ये केसाएवढी मोकळी जागा असते, तिथे ती हलते. त्या फटीत तांबड्या मातीचा एक कण अडकला होता. सूरजागडच्या रस्त्याची माती. मास्तरांनी फुंकर मारली, जिभेखाली पोस्टकार्डाचा कपटा सरकवून हळूच बाहेर ओढला आणि रीड उजेडाकडे धरून पाहिली. मग परत बसवली. पाय दिला. सूर आला, पण किंचित उतरलेला.

पुढचं काम मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. सूर चढवायचा तर जिभेचं मोकळं टोक खरवडायचं, ते हलकं होतं आणि जलद हलतं. उतरवायचा तर रिव्हेटजवळ खरवडायचं, तिथे जीभ लवचीक होते. मास्तरांनी दाढीच्या ब्लेडनं टोकावर तीन-चार हलके हात मारले. एवढंच. जास्त झालं तर? "त मंग तिकडून खरडाचं. पन दोन्हीकडून खरडत बसलं त जीभच मरते." रीड बसवली, वरच्या सप्तकातला जोडीचा सूर एकदम धरला आणि दोन सुरांमधली थरथर थांबेपर्यंत ते कान देऊन बसले. ट्यूनरचं यंत्र नाही, मोबाइल नाही. मग गुडघ्यानं उजवीकडची लाकडी कळ बाहेर ढकलली. आतली झडप उघडली आणि तोच सूर मोठा होत गेला. हात सुरांवर, पाय भात्यावर, गुडघे आवाजावर. गायिका तान संपवून श्वास घेते तेव्हा मास्तरांचे पायही मंद होतात. ते ठरवून करत नाहीत, मी विचारेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. कीबोर्डमधल्या ऑर्गनच्या आवाजात ही गोष्ट मला सापडत नाही. तिथे बटण दाबलं की सूर दर वेळी तसाच सुरू होतो आणि बोट उचलेपर्यंत फिरत राहतो.

मालकांची बाजूही खोटी नाही. झाडीपट्टीच्या नाटकात गाण्याइतकंच पार्श्वसंगीत लागतं. खलनायक कुऱ्हाड उचलतो तेव्हा गडगडाट हवा, आई मरते तेव्हा व्हायोलिनचा ताफा हवा, विनोदी नटाच्या पडण्याला वेगळा आवाज हवा. एका कीबोर्डमध्ये बासरी, शहनाई, तानपुरा, वीज, सगळं असतं. गायिका काळी पाचमध्ये गाते आणि गायक सफेद एकमध्ये. मास्तरांना प्रत्येक पट्टीत बोटं वेगळी फिरवावी लागतात. कीबोर्डवर पट्टी बदलायचं एक बटण आहे. ऑर्गन उचलायला चार माणसं लागतात, कीबोर्ड एक पोरगा काखेत मारून नेतो. आणि कीबोर्ड रात्रभर बेसूर होत नाही. त्या रात्रीच्या खुनाच्या प्रवेशात ऑर्गन अगदीच बापुडवाणा वाटला, हे मला मान्य करावं लागेल.

मग महागाचा नवा कीबोर्ड घ्यावा का? इथे अडचणी सुरू होतात, आणि त्या दोन्हीकडच्या आहेत.

पहिली अडचण विजेची. गावात जनरेटर असतो, त्यावर दिवे, ध्वनिक्षेपक आणि मागची चहाची सोयही. दिव्यांचा भार वाढला की दाब घसरतो आणि कीबोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, निवडलेले आवाज विसरून. दुसरी मातीची. कीबोर्डच्या बटणांखाली रबराच्या पट्ट्या असतात आणि त्यांवरचे काळे ठिपके खालच्या पट्टीला टेकले की सूर लागतो. तिथे ही बारीक माती गेली की सूर लागत नाही किंवा एकदम पूर्ण जोरात लागतो. पट्ट्या पुसून चालतात, काही हंगामांनी नव्या लागतात. आतला मुख्य बोर्ड गेला तर मात्र वडसा किंवा गडचिरोलीत इलाज नाही. मास्तर म्हणाले, "हा बिमार पडला त मी दवा करतो. तो बिमार पडला त नागपूर." नागपूरला पाठवलेलं वाद्य भर हंगामात परत कधी येईल, हे कोण सांगणार? शिवाय काही वर्षांनी कंपनी त्या मॉडेलचे भाग देणं बंद करते. पैसे मोजून घेतलेली वस्तू तिथून पुढे नशिबावर चालते.

ऑर्गनची दवा करणारे तरी किती आहेत? मुंबईत दादरला हरिभाऊ विश्वनाथांसारखी १९२५पासूनची जुनी दुकानं आहेत, पण तिथून इकडे रीड मागवायची तर कोणत्या मापाची, हे पत्रानं कळवता येत नाही. जुनी रीड हातात घेऊन जावं लागतं. भात्याचं रबरी कापड उंदरांना आवडतं. पावसाळ्यात मास्तर ऑर्गन पलंगावर ठेवून भोवती डांबरगोळ्या पेरतात, तरी दर वर्षी एखादा कोपरा ठिगळ मागतोच. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, आतल्या फळीला चीर जाते आणि हवा चोरून आत येते. मग पाय दुप्पट मारावे लागतात. साठी ओलांडलेल्या माणसाला रात्रभर पाय मारणं सोपं नाही. दोन अंकांच्या मध्ये मास्तर पोटऱ्यांना बाम चोळत होते.

सर्वांत मोठी अडचण शिकणाऱ्यांची. मास्तरांच्या मुलाला वाजवता येतं, पण तो कीबोर्डवर वाजवतो आणि मोबाइलवरून नवे आवाज उतरवून घेतो. त्याला रीड खरवडायला शिकायचं नाही. त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही: नाट्यपदांच्या रात्री कमी होत चालल्या आहेत, नाटक बोलावणारी गावची मंडळं नाच आणि सिनेमाची गाणी मागतात, आणि चार महिन्यांच्या हंगामावर वर्ष निघत नाही. उरलेले आठ महिने मास्तर धान करतात. मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जातो, तिथे पायाचा ऑर्गन कोण बोलावणार?

जुन्या गिटारीचा भाव चढतो कारण जगभर तिची दुरुस्ती करणारे, तिच्यासाठी तारा आणि सुटे भाग बनवणारे, तिच्यावर पुस्तकं लिहिणारे हजारो लोक आहेत. एस्टेचे ऑर्गन अमेरिकेत लोक फुकट देऊन टाकतात, नेणारा आला तरी पुष्कळ. वय दोन्ही वाद्यांचं आहे. म्हणून झाडीपट्टीतला सौदा मी वयावर तोलणार नाही. मी मालक असतो तर सर्वांत महागडं मॉडेल घेतलंच नसतं. वापरलेला, पण बरा कीबोर्ड पार्श्वसंगीतासाठी घेतला असता, उरलेल्या पैशांतून भात्याचं कापड बदललं असतं आणि एका पोराला पावसाळाभर मास्तरांकडे बसवलं असतं. मालकांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराला चार महिने खायला कोण घालेल?" मास्तर तेव्हा शेजारीच बिडी ओढत होते. त्यांनीही उत्तर दिलं नाही.

शेवटी नवा कीबोर्ड हप्त्यांवर घ्यायचं ठरलं. मुलगा तो वाजवेल. ऑर्गन मोडीत जाणार नाही, पण टेम्पोत दोन्ही मावत नाहीत. आधी पडदे, मग साड्यांच्या ट्रंका, मग ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. उरलेल्या जागेत ऑर्गन चढवायचा की नाही, हे ज्या गावाला जायचं तिथल्या मंडळानं नाट्यपदं मागितली आहेत का, ते फोनवर विचारून ठरेल.