घराची देखभाल हलकी कशी होईल?

घर ही अल्लाहची मोठी नेमत आहे. कुरआनच्या सूरह नहलमध्ये (आयत 80) घराचा उल्लेख विसाव्याची जागा म्हणून आला आहे. पण घरातल्या बाईला हा विसावा मिळतो का? झाडणे, सारवणे, गळती, रंगरंगोटी यांतच तिचे वर्ष सरते, आणि घरधन्याची कमाई डागडुजीत जाते. हा भार पूर्ण टळणार नाही, पण बराच कमी करता येतो.

कवेलू आणि स्लॅब

आमच्या बिरसीच्या बाजूला, गोंदिया जिल्ह्यात, जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची. उन्हाळ्यात ती गार राहतात. मात्र मृग लागण्याआधी दरवर्षी कवेलू फेरावे लागतात. माकडांच्या उड्यांनी फुटलेले बदलायचे, वाळवी लागलेली लाकडे काढायची. हे काम जाणणारे हात आता कमी झाले आहेत. म्हणून पैसा हाती आला की लोक स्लॅब टाकतात आणि कायमची सुटका झाली असे समजतात.

स्लॅबलाही देखभाल लागतेच. गच्चीवर पाणी साचले की दोन-चार वर्षांत ओल उतरते, सळईला गंज चढतो आणि छताचे पोपडे पडू लागतात. ही दुरुस्ती कवेलू फेरण्यापेक्षा महाग पडते. खर्च टाळायचा तर बांधतानाच काही गोष्टी मिस्त्रीला ठामपणे सांगाव्यात.

- गच्चीला पाइपाच्या दिशेने उतार हवा.
- स्लॅबवर किमान दहा दिवस पाणी टिकवावे. घाई करू नये.
- जोते दोन फूट तरी उंच घ्यावे, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीत चढत नाही.
- खिडक्या-दारांवर रुंद छज्जा ठेवावा. भिंत कोरडी राहिली तर रंग जास्त वर्षे टिकतो.
- नळाचे पाइप भिंतीत गाडण्यापेक्षा बाहेरून घ्यावेत. गळती लगेच दिसते आणि फोडाफोड वाचते.
- पाया भरतानाच वाळवीचे औषध मारून घ्यावे.

पेलेल तेवढेच बांधा

2016 पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) आपल्यासारख्या सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटरचे घर ठरले. एवढ्या रकमेत घर पूर्ण होत नाही म्हणून पदरचे पैसे घालावे लागतात, हे समजण्यासारखे आहे. पण शेजाऱ्याचे पाहून पीओपीचे छत, नक्षीदार कठडा आणि वर्षातून दोनदा उघडणारी पाहुण्यांची खोली यासाठी कर्ज काढणे हा इसराफ आहे. पैसा एकदाच जातो, पण त्या नक्षीतली धूळ रोज काढावी लागते.

बिरसी विमानतळासाठी जागा गेलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा विषय आपण वर्षानुवर्षे ऐकत आहोत. कोणत्याही कारणाने नवे घर बांधायची वेळ आली, तर नकाशा काढताना घरातल्या बायकांना जवळ बसवा. ही खोली रोज कोण झाडणार आणि म्हातारपणी हा जिना कोण चढणार, हे आधीच विचारा.

वेळापत्रक ठरवा

आपल्याकडे घराची मोठी सफाई रमजानच्या तोंडावर काढण्याची रीत आहे. पण हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. कधी तो भर पावसात येतो, कधी थंडीत. म्हणून घराची कामे ऋतूशी बांधावीत. मे महिन्यात गच्ची झाडून पाइपांची तोंडे मोकळी करावीत आणि भेगा बुजवाव्यात. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढावे. नोव्हेंबरमध्ये, पावसाची ओल सुकल्यावर, रंग आणि चुना करावा. असे केले तर रमजान इबादतीसाठी मोकळा राहील. दर महिन्याला थोडी रक्कम घराच्या नावाने बाजूला ठेवली, तर ऐनवेळी उसनवारीही करावी लागत नाही.

काम एकटीचे नाही

ईदच्या आठवड्यात वर्गातल्या मुली घराच्या सफाईसाठी गैरहजर राहतात. त्यांचे भाऊ मात्र शाळेत येतात, नाहीतर मैदानावर असतात. शिक्षक म्हणून हे पाहताना वाईट वाटते. सहीह बुखारीत हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आले आहे की प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत. ही सुन्नत आपल्या मुलांनी कधी शिकायची? गच्ची, टाकी आणि अंगण मुलांकडे सोपवा. पसारा ज्याचा, त्याने तो आवरावा.

पाकीला आपल्या दीनमध्ये फार मोठे स्थान आहे. ती राखण्याची जबाबदारी घरातल्या सगळ्यांची आहे. या पावसाआधी घरच्यांनी एकत्र बसून कामे वाटून घ्यावीत आणि मुलीची शाळा बुडणार नाही एवढे तरी ठरवावे. अल्लाह आपल्या घरांत बरकत आणि सुकून देवो. आमीन.