‘लेव्हल बरोबर आहे’ एवढ्यावर गाडी घाटात नेऊ नका

ओळखीत कोणी जुनी गाडी घेतली की पेढ्यांबरोबर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: “इंजिन ऑइल बदलून घेतलंय, ब्रेक ऑइल लेव्हलला आहे. आता काही बघायला नको.” परवा शेजाऱ्यांनीही हेच सांगितलं. गाडी नऊ वर्षांची, चाललेली जेमतेम 28 हजार किलोमीटर. सर्व्हिसची वही उघडली, तर ब्रेक ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही. आणि येत्या रविवारी मुलाबाळांसह महाबळेश्वरचा बेत ठरलेला! म्हणून हा एक गैरसमज आज सविस्तर खोडून काढायचा आहे.

गैरसमज : ब्रेक ऑइल पातळीला आहे, गळती नाही, म्हणजे ते चांगलं आहे.

वस्तुस्थिती : टाकीवरची रेघ ऑइल किती आहे ते सांगते, कसं आहे ते सांगत नाही.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात तेल नव्हेच. त्यात ग्लायकॉल ईथर वर्गातली रसायनं असतात आणि ती हवेतलं पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ ओलं होतं, तसंच हे. ब्रेकच्या रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून बाष्प थोडं थोडं आत शिरत राहतं. गाडी रोज चालली काय किंवा सोसायटीत उभी राहिली काय, हे थांबत नाही. म्हणूनच बऱ्याच कंपन्या ब्रेक ऑइल दर दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. ‘कमी चाललेली गाडी’ म्हणून आपण जिचे जास्त पैसे मोजतो, तिच्यातलंच ब्रेक ऑइल सर्वांत जुनं असण्याची शक्यता असते.

पाणी शिरल्याने काय बिघडतं? बाटलीवरचे ‘डॉट’ आकडे ज्या अमेरिकी मानकातून आले, त्या एफएमव्हीएसएस 116 मध्येच याचं उत्तर आहे. डॉट 4 ऑइल कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. तेच ओलसर झाल्यावर, म्हणजे सुमारे 3.7 टक्के पाणी शिरल्यावर, ही मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. शंभर भागांत चार भागही पाणी नाही आणि उत्कलनबिंदू 75 अंशांनी खाली!

आता महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. उतार सुमारे 1,300 मीटरचा. माणसांसकट 1,200 किलोची गाडी एवढी खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात 50 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. तिचा काही भाग हवेचा विरोध खातो, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन सोसतं. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते आणि तिथून आतल्या ऑइलला भिडते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. गाडी थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल पूर्ववत लागतं आणि गॅरेजमध्ये कोणालाच दोष सापडत नाही.

भरलेल्या टाकीवरून तर उलट शंका यायला हवी. ब्रेक पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी हळूहळू उतरते. पॅड बरेच झिजलेले आणि टाकी काठोकाठ, असं दिसलं तर वरून कोणीतरी ऑइल ओतलं आहे, हे समजून घ्या.

आणि कृपा करून टाकीतलं जुनं उपसून नवं भरण्याला ‘बदललं’ म्हणू नका. पाणी शिरलेलं ऑइल कॅलिपरमध्ये आणि नळ्यांमध्ये तसंच राहतं. चारही चाकांपाशी ब्लीडिंग करून, स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत जुनं बाहेर काढावं लागतं. बाटलीही सीलबंद हवी. गॅरेजच्या फळीवर महिनोन् महिने उघडी पडलेली बाटली आधीच ओलावा प्यायलेली असते.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*इंजिन ऑइल काळं म्हणजे खराब, सोनेरी म्हणजे चांगलं.* डिझेल इंजिनात नवं ऑइलही काजळीमुळे लवकर काळं होतं. ती काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंग पाहू नका, बिल आणि तारीख पाहा. दोन्ही नसतील तर ऑइल आणि फिल्टर बदला.

*जुन्या गाडीला जाड ऑइल बरं.* त्याने आवाज दबतो, झीज भरून येत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड घाला.

*आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंटऐवजी पाणी चालेल.* कूलंट उकळी लांबवतो आणि गंज रोखतो. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात.

*ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर टिकतं.* गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

*प्रत्येक गाडीत पॉवर स्टिअरिंग ऑइल असतं.* आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, त्यात ऑइलच नसतं. बिलात ते लावलं असेल तर जाब विचारा.

शेजाऱ्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. गाडी घेतल्यावर सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमच्या आधी गॅरेजमध्ये जा. ज्या द्रवाची तारखेनिशी नोंद नाही, तो बदललेला नाही असंच समजा. सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा आणि ब्लीडिंग होताना समोर उभे राहा. अर्धा ते एक लिटर ऑइल आणि तासाभराची मजुरी, एवढाच हा खर्च आहे. पेट्रोलची टाकी एकदा भरायला याहून जास्त पैसे लागतात.