वावरातली परीक्षा

मंडळी, मोठ्या माणसांना शिकवायचं तर धडा कसा बेतायचा आणि धडा उतरला की नाही हे कसं तपासायचं, हा आजचा विषय. आपण बाभुळगावात बसलो आहोत, तेव्हा उदाहरण दूरचं नको. कापूस घेऊ, फवारणी घेऊ.

२०१७ चा हंगाम इथं कुणी विसरलेलं नाही. कापसावर फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यांत वावराचे मालक होते, तसे रोजीने फवारायला गेलेले मजूरही होते. कारणं अनेक सांगितली गेली: डोक्याएवढा वाढलेला कापूस, दोन-तीन औषधांचं मिश्रण, जोराने तुषार उडवणारे पंप, तोंडाला फार तर एक दुपट्टा. आणि मग सगळीकडून एकच सूर निघाला की शेतकऱ्यांचं प्रबोधन करा. प्रबोधन म्हणजे काय, तर मांडव, सतरंजी, पत्रकं, भाषण आणि शेवटी विचारायचं, "समजलं का?" सतरंजीवरून उत्तर येतं, "हो." मंडळी, हा 'हो' म्हणजे पाहुण्याचा मान राखणं झालं. ती परीक्षा नव्हे.

बरं, आपल्या भाषेतच एक गोम आहे बघा. आपण विषाला औषध म्हणतो. 'औषध मारलं', 'औषध आणलं', 'औषध जहाल आहे'. आता डब्यावर एक तिरपा चौकोन छापलेला असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. सांगणारा म्हणतो, लाल म्हणजे धोका. पण ज्याच्या मनात ती वस्तू 'औषध' आहे, तो लाल रंगाचा अर्थ 'जास्त असरदार' असाही लावू शकतो. आणि हिरवा म्हणजे काय? निर्धोक? तसं नाही, तेही विषच आहे, कमी विषारी एवढंच. म्हणजे चार रंगांची नावं घडाघडा म्हणून दाखवणारा माणूस पूर्ण गुण मिळवून संध्याकाळी उघड्या हातांनी द्रावण ढवळू शकतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून हा फरक आम्हांला विशेष खुणावतो. गिल्बर्ट राईल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. आपल्याकडे वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या आरंभीच म्हटलं आहे की ज्ञान खरं की खोटं याची कसोटी त्यावर भिस्त ठेवून केलेली कृती फळाला येते का, ही. मृगजळ पाहून धावणाऱ्याची तहान भागत नाही. तर धडा बेतताना पहिला प्रश्न 'काय सांगायचं' हा नाहीच. धड्यानंतर माणूस कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, काय वेगळं करणार, हा पहिला प्रश्न. परीक्षा आधी ठरवा; धडा तिच्या मागोमाग येतो.

हे आधीच कुणीतरी करून पाहिलेलं आहे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला होता. फवारणी वाढली तसे तुडतुड्यांना खाणारे मित्रकीटक मेले आणि तुडतुडे उलट वाढले. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शाळा शेतातच भरू लागल्या. हंगामभर, आठवड्यातून एकदा, बांधावर. आपण जिला शेतीशाळा म्हणतो तिचं मूळ हे. महाराष्ट्रात क्रॉपसॅप आणि पोकरा या प्रकल्पांतून ती गावोगाव आली. पोकराच्या जिल्ह्यांत यवतमाळही आहे.

त्या शाळेची एक रीत आम्हांला फार आवडते. शिकणाऱ्याने किडा दाखवून विचारलं, "हे काय आहे?" तर शिकवणाऱ्याने नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं, "कुठं सापडला? काय करत होता? एकटा होता की पुष्कळ होते?" नाव सांगितलं की प्रश्न मिटतो आणि माणूस घरी जातो. नाव नाही सांगितलं की तो परत झाडाकडे वळतो. (पुष्कळशा प्राध्यापकांनाही ही रीत लावून पाहायला हरकत नाही.)

आणि त्यांची परीक्षा! तिला मतपेटीची परीक्षा म्हणतात. कागद नाही, बाक नाही. वावरात ठिकठिकाणी फळ्या उभ्या करायच्या. प्रत्येक फळीवर एक प्रश्न, खाली तीन पेट्या, आणि दोरी बांधून खरं पान, खरी अळी, खरं बोंड दाखवायचं. शिकणारा आपल्या क्रमांकाची चिठ्ठी एका पेटीत टाकून पुढे जातो. अक्षरओळख नसली तर प्रश्न वाचून दाखवायचा, बस. हंगामाच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा.

आता यात प्रश्न कसा घालायचा, ते जरा सावकाश पाहू. ढालकिड्याची अळी घ्या. दिसायला काळपट, काटेरी, ओंगळ. ती मावा खाते, म्हणजे आपली मित्र. 'या अळीचं नाव काय?' हा प्रश्न वाया गेला. 'ही अळी दिसली तर काय कराल: राहू द्याल, वेचून माराल, की फवाराल?' हा प्रश्न कामाचा. तसंच गुलाबी बोंडअळीचं. वीस हिरवी बोंडं तोडून फोडायला द्या. दहात एक जिवंत अळी ही फवारणीचा विचार करायची पातळी, म्हणजे विसात दोन. एकच सापडली तर? इथं थांबता येणं हे शिक्षण आहे. न केलेली फवारणी डोळ्यांना दिसत नाही, पण ती मोजली पाहिजे.

गणिताचंही तेच. समजा, एखाद्या औषधाचं प्रमाण दहा लिटर पाण्याला वीस मिली आहे आणि पंप पंधरा लिटरचा. वहीत हे त्रैराशिक सोडवून घेऊ नका. बादली द्या, मापाचा पेला द्या, औषधाऐवजी रंगीत पाणी द्या आणि तीस मिली मोजून घ्यायला सांगा. डब्याच्या झाकणाने अंदाजे ओतणारा हात तिथं लगेच दिसतो. चिठ्ठ्या मोजल्यावर पंचवीसपैकी चौदा चुकीच्या पेटीत निघाल्या, तर ते चौदाजण नापास झाले असं नव्हे. पुढच्या आठवड्याचा धडा ठरला, एवढाच त्याचा अर्थ.

साक्षरतेच्या चाचणीला आमचा विरोध आहे असं समजू नका. 'उल्लास' कार्यक्रमाची चाचणी दीडशे गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी पन्नास. साठीच्या बाईच्या हातात प्रमाणपत्र येतं त्याचं मोल आहेच. पण वाचनाच्या त्या पन्नास गुणांत डब्यावरचं बारीक अक्षर येतं का, हे विचारलं पाहिजे. तिला आणि तिच्या घराला जे वाचावंच लागतं ते धड्यात हवं, चाचणीतही हवं: डब्यावरची सूचना, एसटीची पाटी, बँकेची चिठ्ठी.

शेवटचा मुद्दा मात्र अवघड आहे. शेतीशाळेत नाव कुणाचं? ज्याच्या नावावर सातबारा, त्याचं. आणि पाठीवर पंप कुणाच्या? पुष्कळदा मजुराच्या. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला कोण जातं? बाया. म्हणजे धडा एकाला आणि कृती दुसऱ्याची; मग तुमची परीक्षा कितीही उत्तम असो, ती चुकीच्या माणसाची घेतली. मजुराला बोलवायचं तर त्याची रोजी बुडते, आणि बुडालेली रोजी भरून दिल्याशिवाय त्याने यावं असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पैशांची सोय नसेल तर निदान वेळ तरी त्याची धरा. जुलैत पहिल्या फवारणीच्या आधी झडीचे दिवस येतात, वावरात पाय घालता येत नाही, कामं बंद असतात, माणसं घरी असतात. त्या दिवशी समाजमंदिरात एक बादली, एक पंप, हातमोजे आणि रिकामे धुतलेले डबे घेऊन बसा, आणि निरोप मजुरांच्या वस्तीत आधी पाठवा.