गिरणगांवाचा जीर्णोद्धार

एखादें देवालय जीर्ण झालें म्हणजे त्याचा जीर्णोद्धार करितात. काम चालू असतां मूर्ति तात्पुरती बाजूस ठेवितात, व तें पुरें झाल्यावर तिची विधिपूर्वक पुनः स्थापना होते. हा क्रम आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुंबईच्या लालबाग-परळ भागाचा जो कायापालट झाला आहे, त्यास हीच कसोटी लावून पाहावी असें आम्हांस वाटतें.

१८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढें गिरण्या वाढल्या, तशीं कोंकणांतून व घाटावरून माणसें आलीं. एकेका खोलींत दहा-दहा मिळून तीं पाळीपाळीनें निजलीं, खानावळींत जेवलीं, आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर गांवाकडच्या चुली पेटत राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. भोंगे मात्र एकामागून एक मुके झाले. सर्व दोष संपाच्याच माथीं मारणें न्यायाचें नव्हे. जुनाट यंत्रें, यंत्रमागांची स्पर्धा व जमिनीस आलेला सोन्याचा भाव हींही कारणें होतींच.

१९९१ च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ मानानें तीन वांटे ठरले. एक मोकळ्या जागेसाठीं महापालिकेस, एक सार्वजनिक घरांसाठीं व एक मालकास. २००१ सालच्या दुरुस्तीनें हा हिशेब मुळांतल्या रिकाम्या जमिनीपुरताच उरला, व पहिले दोन वांटे फार आखडले. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती वैध ठरविली. धुराड्यांच्या जागीं कांचेचे मनोरे उभे राहिले. घरांसाठीं लाखाहून अधिक कामगारांनीं व वारसांनीं अर्ज केले. घरें मिळालीं तीं कांहीं हजारांस. वस्ती व कचेऱ्या वाढल्या, पण वाट रुंदावली नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं तेव्हांच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरींत २३ जीव गेले.

त्या मनोऱ्यांत आमच्याच घरचीं मुलें नोकरीस जातात. तेव्हां दुसऱ्याकडे बोट दाखवून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. नवे उद्योग आले हें चांगलेंच झालें. परंतु संपाच्या वेळीं पंचविशींत असलेला तरुण आतां सत्तरीस टेकला आहे. त्याच्या हयातींत त्यास घर मिळालें तरच उपयोग. शिखर चढलें, कळसही झळकला. मूर्ति मात्र अद्याप बाहेरच ताटकळत आहे. ती आंत येईपर्यंत यास जीर्णोद्धार म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं.