पाटपाण्याची बातमी कोण सांगणार?

नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे दोन कालवे निघतात, एक डावा, एक उजवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यातला ऊस, गहू आणि कांदा शंभर वर्षांपासून या कालव्यांच्या भरवशावर उभा आहे. पाण्याचे आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज कधीपर्यंत भरायचा आणि पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत खरेच पोहोचणार का, या चार प्रश्नांवर इथल्या घराचे वर्षाचे गणित ठरते. मुंबईच्या वृत्तवाहिन्यांवर मात्र कोपरगाव दिसते ते पूर आला, मोर्चा निघाला किंवा उसात बिबट्या शिरला तर. बाकीचे दिवस माणसे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांवर आणि पुढाऱ्यांच्या भाषणांवर भागवतात. गावात पडद्यांना तोटा नाही, हातोहाती मोबाइल आहेत. तोटा आहे तो या भागाला बांधील असलेल्या, पण इथल्या भांडणात पक्षकार नसलेल्या वाहिनीचा. अशी वाहिनी विद्यापीठाने चालवावी, असे माझे म्हणणे आहे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1952 साली तिथल्या दूरसंचार आयोगाने 242 वाहिन्या शिक्षणासाठी राखून ठेवल्या, म्हणजे जाहिरातदारांच्या हाती जाऊ दिल्या नाहीत. 25 मे 1953 रोजी ह्यूस्टन विद्यापीठाने अशी पहिली वाहिनी सुरू केली. तिच्यामागोमाग अनेक राज्यांतल्या विद्यापीठांनी आपापल्या परिसरासाठी केंद्रे उभारली. सुरुवातीला पडद्यावर प्राध्यापक आणि फळाच होता. हळूहळू त्या भागातली शेती, शाळा, निवडणुका, इतिहास असे सगळेच त्यात आले. पैसा थोडा विद्यापीठाचा, थोडा सरकारचा आणि बराचसा प्रेक्षकांच्या वर्गणीचा. आपल्याकडच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखेच ते, फक्त पावती टीव्हीची.

आपल्याकडेही विद्यापीठे टीव्हीत उतरली होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. 15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. त्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होते, आणि कोपरगावची महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे आपल्याच विद्यापीठाने बनवलेला कार्यक्रम कोपरगावच्या विद्यार्थ्याने पाहायचा, पण दिल्लीमार्गे, बहुतांशी इंग्रजीतून आणि तोही ऐन कॉलेजच्या वेळेत. पुढे 2004 मध्ये 'व्यास' वाहिनी आली, 2017 मध्ये 'स्वयंप्रभा'च्या 32 वाहिन्या आल्या. संख्या वाढली, मांडणी तीच राहिली. या सगळ्या उपक्रमांनी विद्यापीठ म्हणजे वर्गखोली एवढेच धरले. पदवीच्या अभ्यासक्रमाला त्यांचा उपयोग झाला असेल, नाही म्हणत नाही. पण धामोरीच्या किंवा पोहेगावच्या शेतकऱ्याला उद्देशून त्यात एक वाक्य नव्हते. देशव्यापी वर्गात देश होता, तालुका नव्हता.

तालुका पडद्यावर आणता येतो हे दाखवले ते शेजारच्या गुजरातने. 1975 ते 1985 या काळात खेडा जिल्ह्यातल्या पिज गावी एक किलोवॅटचा छोटा प्रक्षेपक होता. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्रातली मंडळी त्यासाठी गावांत जाऊन कार्यक्रम करत. शेतमजुरी, जातीतला भेदभाव, सावकारी, बायकांवरचा अन्याय हे विषय गुजरातीत, तिथल्याच बोलीत, कधी खुद्द गावकऱ्यांनाच पात्रे करून मांडले जात. या प्रयोगाला युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कार मिळाला. खेडा हा दूध सहकाराचा जिल्हा, कोपरगाव साखर आणि दूध सहकाराचा तालुका. जिथे संस्था उभ्या आहेत, सभासद आहेत, दरवर्षी सर्वसाधारण सभेत ताळेबंदावरून वाद होतात, तिथे स्थानिक टीव्हीला विषय शोधावे लागत नाहीत. तरी पिजचे केंद्र टिकले नाही. 1985 मध्ये तिथला प्रक्षेपक मद्रासला हलवण्याचा निर्णय झाला, लोकांनी विरोध केला, पण यंत्र दिल्लीच्या मालकीचे होते. ज्यांच्यासाठी ते बसवले त्यांचा त्यावर हक्क नव्हता. या प्रयोगातून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

मग मालकी विद्यापीठाचीच का, कारखान्याची किंवा जिल्हा परिषदेची का नको? पाण्याचेच उदाहरण घेऊ. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. 2013 मध्ये मेंढेगिरी समितीने गोदावरी खोऱ्यासाठी पाणीवाटपाचे तक्ते मांडले. तेव्हापासून 15 ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असला की नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. त्या आठवड्यात कोपरगावात ऐकू येते ते एक सत्य असते, मराठवाड्यात ऐकू येते ते दुसरे. दोन्ही बाजूंना आपापले नेते आहेत, आपापल्या आवृत्त्या आहेत. गंगापूर आणि दारणा समूहात नेमके किती पाणी आहे, नदीतून सोडल्यावर वाटेत किती मुरते आणि कालव्याच्या वाट्याला काय उरते, हे आकडे पडद्यावर मांडून दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना समोरासमोर बसवायला जो माणूस लागतो, त्याला या पाण्यातून काही मिळवायचे नसले पाहिजे. कारखान्याला ऊस हवा, पुढाऱ्याला मते हवीत. जलशास्त्राच्या प्राध्यापकाला निदान कागदावर तरी फक्त बरोबर उत्तर हवे असते.

बिबट्याचेही तेच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या शिवारात राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास केला. जुन्नर भागात पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे, जिथे ते सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, असे त्यांच्या संशोधनात दिसले. 'पिंजरा लावा आणि दूर सोडून या' ही प्रत्येक गावाची पहिली मागणी असते. ती मागणी आपल्याच अंगावर कशी उलटते, याचा पुरावा जिल्ह्याच्या शेजारीच तयार झाला, छापला गेला इंग्रजी नियतकालिकांत. राहुरीचे कृषी विद्यापीठ 1968 पासून याच जिल्ह्यात आहे. ज्ञान आहे, फक्त ते तीस-चाळीस मैल चालत येत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की मोबाइलच्या जमान्यात टीव्ही केंद्र कशाला? पण केंद्र म्हणजे मनोरा नव्हे. केंद्र म्हणजे रोज बातमी तपासणारे चार पगारी लोक, चूक झाली तर दुरुस्ती जाहीर करणारे, नाव-पत्ता असलेले. त्यांचा कार्यक्रम केबलवर जावो की फोनवर, तो तपशिलाचा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो खरा आहे. सामुदायिक रेडिओचे दार 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना उघडले, पण स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी त्यांना नाही. सामुदायिक टीव्हीचे तर वेगळे धोरणच नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले, त्याला तीस वर्षे होऊन गेली. ही कोंडी संसदेनेच फोडायची आहे. तोवर स्थानिक केबल आणि इंटरनेट ही वाट उरते.

पैशाचा आक्षेप मला त्याहून हलका वाटतो. अमेरिकेत 2025 मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे 1.1 अब्ज डॉलर काढून घेतले, तेव्हा सर्वाधिक धास्तावली ती सरकारी पैशावर जास्त विसंबलेली छोटी ग्रामीण केंद्रे. वर्गणीदार जमवलेल्या केंद्रांना निदान उभे राहायला जमीन होती. ज्या तालुक्यात सभासदांच्या शेअर्समधून साखर कारखाने उभे राहिले, तिथे शंभर-दोनशे रुपयांची वार्षिक वर्गणी मागणे हे काही जगावेगळे नाही.

सर्वांत अवघड आक्षेप स्वातंत्र्याचा. पश्चिम महाराष्ट्रातली कितीतरी महाविद्यालये कारखान्यांच्या आवारात वाढली, आता कोपरगावातच संजीवनी हे खासगी विद्यापीठही उभे आहे. अशा संस्थेची वाहिनी आपल्याच संस्थापकांच्या कारखान्याने ऊसदर चौदा दिवसांत दिला का, हे विचारील का? कोणत्याही एकट्या खासगी विद्यापीठाकडून ही अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल, आणि सरकारी विद्यापीठाकडून सरकारबद्दल तीच अपेक्षा करणेही. म्हणून वाहिनी कुणा एकाची नको. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि इथली महाविद्यालये मिळून तिचे मंडळ व्हावे, वर्गणीदारांनी निवडलेले सदस्य त्यात असावेत आणि संपादकाला मुदतीआधी काढता येऊ नये, एवढे तिच्या घटनेत लिहिलेले असावे. यातून धोका संपणार नाही, पण तो चार ठिकाणी वाटला जाईल.

या संस्थांच्या कुलगुरूंना आणि प्राचार्यांना एवढीच विनंती: स्टुडिओ, फीत कापणे आणि बोधचिन्ह नंतर पाहता येईल. पुढचे आवर्तन सुटेल त्या दिवशी एक कॅमेरा कालव्याच्या मुखाशी आणि दुसरा टेलच्या शेवटच्या चारीवर उभा करा, आणि पाणी तिथे किती दिवसांनी पोहोचले ते तालुक्याला दाखवा.