विमान ऐकेनासं होतं तेव्हा

राहूला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता, तेव्हा आजच्या विषयाची सुरुवात उसापासूनच करू.

मागच्या हंगामात आमचं एक थर्माकोलचं रिमोटवालं विमान उसात गेलं. उंचावर असताना छान ऐकत होतं. उतरवायला खाली आणलं, फडाच्या पलीकडून वळवलं आणि रिमोटची काठी कितीही हलवली तरी काही होईना. मोटर मात्र चालूच. काही सेकंदांत ते फडात घुसलं. दीड तास शोधलं तेव्हा सापडलं. तिथून वीस पावलांवर ऊसतोड कामगारांची लहान मुलं वाढ्याच्या मोळीवर बसलेली होती.

सगळे म्हणाले, सिग्नल गेला. आम्हीही तेच म्हणालो. पण 'सिग्नल गेला' हे तापासारखं लक्षण आहे. दुखणं कुठलं, ते शोधावं लागतं.

पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा. विमानातला रिसीव्हर आणि शेपटी-पंख हलवणाऱ्या सर्वो मोटरी बहुधा एकाच पुरवठ्यावर चालतात. सगळ्या सर्वोंनी एकदम जोर लावला की व्होल्टेज खाली बसतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, रेडिओ गेला. बऱ्याच रिसीव्हरांचा दिवा असं झाल्यावर लुकलुकत राहतो, म्हणून विमान सापडल्यावर बॅटरी उपसायच्या आधी तो दिवा बघा. आम्ही घाईत उपसली होती. मग घरी मीटर लावून, सर्वो हाताने हलके अडवून पाहिलं. व्होल्टेज ठीक होतं.

दोष निघाला अँटेनात. आपले आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ३१ मिलिमीटर. रिसीव्हरच्या तारेचं टोकाचं तेवढं उघडं बोटभर तुकडंच खरा अँटेना. बाकीची तार नुसती वाहक असते. आमचं ते टोक बॅटरीच्या कडेला दुमडून चिकटपट्टीखाली दडपलेलं होतं. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात, कार्बनच्या दांड्यापासून आणि बॅटरीपासून लांब. रिमोटची अँटेनाही विजेरीसारखी विमानावर रोखू नका. तिच्या टोकाच्या दिशेने लहर सगळ्यांत कमी जाते.

पण मग उंचावर ते ऐकत कसं होतं? इथे ऊस येतो. रेडिओची वाट दोरीसारखी बारीक नसते, मधोमध फुगलेली असते. रिमोट आणि विमान यांत ४०० मीटर अंतर असेल तर मध्यावर त्या फुगवट्याची त्रिज्या सुमारे साडेतीन मीटर भरते. आपण उभे जमिनीवर, विमान उतरताना खाली, आणि मधे तीन मीटर उंच ऊस. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ही लहर पाण्यात जिरते. उंचावर हा अडथळा नव्हता, म्हणून दुमडलेला अँटेनाही निभावून गेला. खाली आल्यावर दोन्ही दोष एकत्र आले. पूर्वी क्रिस्टलचे संच होते, तेव्हा शेजाऱ्याचा क्रिस्टल जुळला की विमान पडायचं. आता संच वारंवारता बदलत राहतात, त्यामुळे शेतात वायफायला दोष देणं बहुधा फुकटच.

आता फेलसेफ. सिग्नल तुटला तर विमानाने काय करावं, ते आधीच ठरवून ठेवणं. काही संचांत 'शेवटची आज्ञा धरून ठेव' अशी सोय असते, आमचं तसंच होतं. मोटर पूर्ण ताकदीने चालू राहिली त्याचं कारण हेच. ती मुलं आठवली की अजून पोटात गोळा येतो. मोटर बंद, पंख सरळ किंवा किंचित वळलेले, एवढं ठेवा. मग विमान उडवायच्या जागेच्या आसपासच खाली येण्याची शक्यता वाढते. संच नव्याने जोडला की फेलसेफही पुन्हा तपासायचं, कारण काही संचांत ते जोडणीच्या वेळीच नोंदलं जातं. ड्रोन नियम २०२१ नुसार छंदाचं विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. उसाआड गेलं की तेही मोडलंच.

दर वेळी उडवण्याआधी रिमोट कमी ताकदीवर ठेवून तीस पावलं लांब जा. जोडीदाराला विमान सगळ्या बाजूंनी फिरवायला सांगा, मोटर बंद ठेवून आणि चालू ठेवूनही. आणि उभं राहायला बांधावरची किंवा कालव्याच्या भरावावरची उंच जागा निवडा, ऊस पाठीमागे राहील अशी.

चहा झाला की पटांगणात फेलसेफ करून दाखवतो. पंखा काढून, मोटर थोडी चालवून, रिमोट बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. ज्यांनी विमानं आणलीत त्यांनी बॅटरी अजून जोडू नका.