भीमथडी घोडा

भीमथडी ही महाराष्ट्राच्या दख्खन पठारावरील घोड्याची देशी जात आहे. तिला ‘दख्खनी घोडा’ किंवा ‘भीमथडीचे तट्टू’ असेही म्हणतात. मध्यम बांधा, काटकपणा, थोड्या चाऱ्यावर तग धरण्याची क्षमता आणि डोंगरवाटेवरील पक्के पाऊल ही या जातीची वैशिष्ट्ये मानली जातात. मराठ्यांच्या घोडदळाचे हे प्रमुख वाहन होते. घोडदळाचा काळ संपल्यावर ही जात मुख्यतः भटक्या मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांमध्ये टिकून राहिली.

नाव

‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. भीमा नदीच्या काठचा प्रदेश तो भीमथडी. ब्रिटिश काळात पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुकाही होता. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून या गीताला महाराष्ट्राच्या राज्यगीताचा दर्जा मिळाला.

इतिहास

स्थानिक तट्टांचा अरबी व तुर्की घोड्यांशी संकर होऊन सतराव्या-अठराव्या शतकांत ही जात घडली, असे मानले जाते. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. शिलेदारी पद्धतीमुळे घोड्यांची पैदास केवळ सरकारी पागेपुरती मर्यादित राहिली नाही. गावोगावच्या घरांतही घोडी पाळली जात.

मेंढपाळ आणि स्वार ही दोन जीवने एकमेकांपासून दूर नव्हती. होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव होळकर (जन्म १६९३) हे धनगर कुटुंबातील होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर स्वारांच्या मोठ्या फौजा विसर्जित झाल्या आणि घोड्यांची मागणी घटली.

वाड्यातील स्थान

धनगरांच्या फिरत्या तळाला ‘वाडा’ म्हणतात. पठारावरील अनेक वाडे पावसाळा कोरडवाहू मुलखात काढतात, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पाऊस सुरू होण्याआधी परततात. दख्खनी मेंढीला कोकणातील ओल व चिखल मानवत नाही. त्यामुळे परतीची वेळ पावसाच्या आगमनावर ठरते. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवतात. लेंडीखताच्या मोबदल्यात वाड्याला धान्य किंवा रोख रक्कम मिळते.

या प्रवासात घोड्याचे काम बिऱ्हाड वाहण्याचे असते. भांडी, अंथरूण-पांघरूण, धान्य, तळाचे सामान, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि चालू न शकणारी लहान मुले घोड्याच्या पाठीवर असतात. पुरुष मेंढरे चारत रानातून पुढे सरकतात. स्त्रिया तळ उठवून घोडी लादतात, ती घेऊन पुढच्या मुक्कामी पोहोचतात आणि तेथे नवा संसार मांडतात. त्यामुळे या परंपरेतील घोडा हाताळण्याचे ज्ञान मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे आहे. ओझे दोन्ही बाजूंना सारखे बसवणे, पाठीला जखम होऊ न देणे आणि गाभण घोडीवरचा भार कमी करणे या गोष्टी मुली आईबरोबर चालता चालता शिकतात.

साज आणि भाषा

घोड्याच्या साजातील अनेक शब्द मराठीत रूढ आहेत. पाठीवर खोगीर, तोंडात लगाम, दाणा खाण्यासाठी तोंडाला बांधायचा तोबरा आणि मुक्कामी बांधण्यासाठी पुढची अगाडी व मागची पिछाडी. खोगिरात चिंध्या-गवत कोंबून ते भरत असत. त्यावरून निरुपयोगी भरणा या अर्थाचा ‘खोगीरभरती’ हा शब्द आला.

इतर परंपरांशी तुलना

घोड्याच्या साहाय्याने जनावरे राखण्याची सर्वांत प्रसिद्ध परंपरा उत्तर अमेरिकेतील काउबॉयची आहे. तिची मुळे मेक्सिकोतील स्पॅनिशभाषक ‘वाकेरों’मध्ये आहेत. नेवाडा, ऑरेगन या भागांत रूढ असलेला ‘बकारू’ हा शब्द ‘वाकेरो’चाच अपभ्रंश होय. तेथे गुराखी घोड्यावर स्वार होऊन गुरांचा कळप वळवतो. दख्खनमध्ये मेंढपाळ स्वतः पायी चालतो आणि घोडा त्याचे घर वाहतो. कळप वळवण्याचे काम माणसाची हाळी, काठी आणि कुत्री करतात.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचा पश्चिम भाग भीमेच्या खोऱ्यात येतो. भीमेची उपनदी सीना परांडा तालुक्यातून वाहते. या जिल्ह्याच्या सीमेजवळ, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. तहानुसार निजामाने जो प्रदेश सोडला, त्याची दक्षिण सीमा परांडा ही होती.

स्वार आणि मेंढपाळ यांचा मेळ जिल्ह्याच्या लोकधर्मातही दिसतो. तुळजापूर तालुक्यातील अणदूर व नळदुर्ग येथे खंडोबाची प्रसिद्ध ठाणी आहेत. देवाची मूर्ती वर्षाचा काही काळ अणदूरला व काही काळ नळदुर्गला असते. नळदुर्गची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. खंडोबा हा घोड्यावर बसणारा देव आहे. मात्र धनगर कन्या बाणाईसाठी त्याने चाकर होऊन मेंढरे राखली, अशी कथा आहे. या दोघांचा विवाह नळदुर्ग येथे झाला, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

सद्यस्थिती

२०२३-२४ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतर नोंद झालेली ही घोड्याची आठवी भारतीय जात होय. ही नोंद होण्याच्या आधीपासूनच देशातील घोड्यांची एकूण संख्या वेगाने घटत होती. पशुगणनेनुसार २०१२ मध्ये घोडे व तट्टे ६ लाखांहून अधिक होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३.४ लाख उरली.

चराऊ माळराने कमी होणे, बागायतीमुळे मोकळी रबी राने घटणे, जाडसर दख्खनी लोकरीला भाव नसणे आणि मुलांच्या शाळेसाठी कुटुंबे एका जागी स्थिरावणे या कारणांनी वाड्यांचे स्थलांतर आक्रसत आहे. स्थलांतर चालू ठेवणारी काही कुटुंबे आता सामानासाठी टेंपो वापरतात. टेंपो आल्यावर मेंढरे राहतात, पण घोडी विकली जाते. भीमथडीचा काटकपणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटचालीतून घडलेला आहे. त्यामुळे या जातीचे संवर्धन पागेतील पैदाशीइतकेच मेंढपाळांच्या चराऊ वाटा आणि मुक्कामाची राने टिकण्यावर अवलंबून आहे.